कळशीवरचं नाव

कळशी तिनं जुन्या टॉवेलात गुंडाळून एस.टी.तून आणली होती. वर्गात पंचेचाळीस-पन्नास मुलं, आणि माझ्या टेबलावर चिंचेनं लख्ख घासलेली ती पितळी कळशी. आदल्या आठवड्यात मी गृहपाठ दिला होता : घरातला असा एक कागद किंवा वस्तू आणा, ज्यावर तुमच्या आजीचं नाव आहे. मुलं घर धुंडाळून आली होती. कुणी मतदान ओळखपत्राची झेरॉक्स आणली, कुणी रेशनकार्ड, कुणी निराधार योजनेचं बँक पासबुक. सातबारा आणणारे दोघंच निघाले, आणि दोघांच्याही उताऱ्यावर आजोबा वारल्यानंतर वारसांच्या रांगेत आजी अगदी शेवटी लागलेली होती. हिला काहीच सापडेना, म्हणून ती कळशी घेऊन आली.

कळशीच्या गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांची एक ओळ होती. मी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरली. पहिली अक्षरं झिजून सपाट झाली होती. ‘मामाकडून’ एवढं स्वच्छ वाचता येत होतं, पुढे लग्नाची तारीख, तीही अर्धी. आजीचं नाव होतं ती बाजू पाणी आणताना कमरेला टेकायची. आड गावाबाहेर होता, खेपा दिवसाला दहा-बारा. देणाऱ्या मामाचा उल्लेख राहिला आणि जिला दिली तिचं नाव तिच्याच कमरेवर घासून गेलं.

त्या तासाला ठरवलेला धडा मी शिकवला नाही. कळशी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर फिरत राहिली आणि प्रत्येक जण बोटानं त्या ओळीवरून हात फिरवून बघत राहिला.

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातल्या एका तालुक्याच्या गावी मी चोवीस वर्षं इतिहास शिकवते आहे. शेवटच्या वर्षाला स्त्रियांच्या चळवळींवर एक पेपर असतो. माझ्या वर्गात गलाईवाल्यांची मुलं असतात, ज्यांचे वडील सोनंचांदी गाळायला पार तमिळनाडू-केरळात जाऊन बसलेले. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची असतात, बागायतदारांची असतात, मेंढरामागं फिरणाऱ्या धनगरांची, बौद्ध वस्तीतली, मांगवाड्यातली, तांबोळी गल्लीतली, ऊसतोडीला जाणाऱ्यांची. एका बाकावर तिघी बसतात आणि तिघींच्या आज्यांचे तीन इतिहास असतात. हे कळायला मला नोकरीची तीन वर्षं लागली, आणि तेही एका मुलीनं विचारलं म्हणून.

सुरुवातीला मी शिकवायची ते एखाद्या जिन्यासारखं. १८२९ ला सतीबंदी, १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा, १८५६ ला विधवा पुनर्विवाहाचा कायदा, १८९१ ला संमतिवयाचा, मग कर्वे, मग हिंदू कोड. एकेक पायरी वर. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत तसंच्या तसं लिहायची. मला वाटायचं, शिकवून झालं.

तिसऱ्या वर्षी १८५६ चा कायदा शिकवत होते. ईश्वरचंद्र विद्यासागर, बंगालमधला विरोध, मग महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांचं काम. मागच्या बाकावरची एक धनगराची मुलगी उठली. “मॅडम, आमच्यात पाट लागतोय की पहिल्यापासनं. माझ्या आज्जीचा पाटच हाय. मग ह्यो कायदा कुणासाठी केला?”

मी म्हटलं, ज्या जातींत पुनर्विवाहाला बंदी होती त्यांच्यासाठी. ती बसली. पण तिचा प्रश्न काही बसला नाही. त्या रात्री मी त्या कायद्याचा मूळ मजकूर काढून वाचला. तोपर्यंत मी फक्त त्याच्याविषयी वाचलं होतं, तो कायदा वाचला नव्हता. दुसऱ्याच कलमात लिहिलं होतं की पुनर्विवाह केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाईल, जणू ती त्या दिवशी मेली. आता ज्या जातींत पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, आधीपासून चालत होता, त्यांच्या बायकांना हे लागू होतं का? अलाहाबादच्या उच्च न्यायालयानं म्हटलं, नाही. त्यांना या कायद्याची गरजच नव्हती, तेव्हा त्यातली शिक्षाही त्यांना नको. मुंबई उच्च न्यायालयानं १८९० च्या दशकात उलटा निकाल दिला. म्हणजे जो कायदा मी ‘स्त्रियांना हक्क देणारा’ म्हणून तीन वर्षं शिकवत होते, त्यानं आमच्या भागातल्या धनगर, माळी, कुणबी, मांग बायकांना नवीन काही दिलंच नव्हतं. उलट पाट लावला तर नवऱ्याच्या जमिनीवर पाणी सोडायचं, यावर सरकारी शिक्का बसला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे सगळं सांगितलं, आणि कालचं उत्तर अपुरं होतं हेही सांगितलं. मग पाटाविषयी बोलणं सुरू झालं. तो काही सुखाचा सोहळा नव्हता. पाट रात्री लागायचा, वाजंत्री नाही, मांडव नाही, सवाष्णींनी त्या बाईचं तोंड त्या रात्री बघायचं नाही. पेशवाईत ‘पाटदाम’ नावाचा करही घेत. पहिल्या घरची पोरं बहुतेक पहिल्या घरीच राहायची. धनगराच्या त्या मुलीची आजी दोन लेकरं मागं ठेवून आली होती. तरीही तेविसाव्या वर्षी नवरा गेल्यावर बाईला पुन्हा संसार मांडता येत होता, एवढी वाट होती.

तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी, नावाजलेल्या मराठा घरातली, हळूच म्हणाली, “आमच्यात न्हाई चालत.” तिची चुलती बाविसाव्या वर्षी विधवा झाली होती. घर मोठं, वाडा मोठा, आणि चुलती आतल्या खोलीत. वर्गात कुणी काही बोललं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दोघींनी एकमेकींकडे तशा नजरेनं पाहिलं असावं. ज्या घराण्याला गाव ‘खानदानी’ म्हणतं त्या घरातल्या बाईला जे नव्हतं, ते ज्यांना गाव खालचं समजतं त्यांच्या आजीला होतं. जातीची उतरंड आणि बाईच्या मोकळेपणाची उतरंड सगळीकडे सारख्या दिशेनं जात नाहीत, हे मला पुस्तकानं सांगितलं असेलही. पण दिसलं ते त्या दिवशी.

ही गोष्ट तिथं संपत नाही. अलीकडे हाच धडा शिकवताना धनगरांच्या, माळ्यांच्या मुली सांगतात, “आता आमच्यातबी लावत न्हाईत मॅडम. बरं दिसत न्हाई म्हणत्यात.” हातात चार पैसे आले, पोरगं नोकरीला लागलं, की पाट बंद होतो, कुंकू पुसणं आणि बांगड्या फोडणं मात्र रीतसर सुरू होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात तसं परिपत्रक काढलं, तेव्हा मी तो ठराव वर्गात वाचून दाखवला. मुलं खूश झाली. मग मी विचारलं, आपल्या गावात यातल्या कुठल्या रीती शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या घरात होत्या आणि कोणाच्या नव्हत्या, ते म्हाताऱ्यांना विचारून या. जी उत्तरं आली ती ऐकून माझा जिना पुरता मोडला. काही घरांत बायका खरोखर वर चढल्या होत्या. काही घरांत घराची प्रतिष्ठा चढली होती आणि बाई दोन पायऱ्या खाली आली होती.

रखमाबाईंची केस मी आता याच अंगानं शिकवते. अकराव्या वर्षी लागलेलं लग्न, नवऱ्याकडे नांदायला नकार, १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं दिलेला निकाल, अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि तिचं उत्तर की तुरुंग चालेल. मुलांना हे नाट्य आवडतं, आवडावंच. पण ती सुतार समाजातली होती, तिच्या आईनं विधवा झाल्यावर डॉ. सखाराम अर्जुनांशी दुसरं लग्न केलं होतं आणि ते जातीच्या रिवाजात बसणारं होतं, हे मी आधी सांगते. त्या आईच्या घरात वाढलेली मुलगी कोर्टात उभी राहिली. पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली, सुरत आणि राजकोटला तिनं दवाखाने चालवले. त्याच दशकात, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येसाठी झालेली शिक्षा आणि त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर उठलेली राळ, हे त्या लिखाणाचं निमित्त. ताराबाई मराठा, सत्यशोधक वडिलांची लेक, आणि तिचा संताप एका परजातीच्या, परप्रांतातल्या, कधी न पाहिलेल्या बाईसाठी. हे सांगताना माझा आवाज अजून चढतो.

आता माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी लिहायलाच हवं.

मुक्ता साळवेचा निबंध शिकवायचा होता. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची मुलगी, जिनं १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं. वेद वाचायचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, असं तिनं थेट देवालाच विचारलं. आपल्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हेही तिनं लिहिलं. सुधारकांच्या कुठल्याच यादीत त्या काळी हे दुःख नव्हतं. विधवेचं मुंडण होतं, बालविवाह होता. उघड्यावरचं बाळंतपण त्या यादीत घालायला चौदा वर्षांची मुक्ताच यावी लागली.

मी भरभरून शिकवत होते, आणि नकळत माझी नजर वर्गातल्या एका मुलीवर जाऊन थांबली. ती मांगवाड्यातली होती, हे मला ठाऊक होतं. मला वाटत होतं, तिला अभिमान वाटेल. माझ्या नजरेमागं सगळ्या वर्गाच्या नजरा वळल्या. तिनं मान खाली घातली आणि वहीच्या कोपऱ्यावर पेन घासत बसली. पुढचे दहा दिवस ती आली नाही.

अकराव्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. मी बाहेर गेले. ती म्हणाली, “मॅडम, धडा चांगला होता. पण शिकवताना माझ्याकडं बघू नका. मला वर्गात सगळ्यांसारखं बसायचंय.” एवढंच बोलून ती गेली. मी तिची माफी मागितली ती नंतर, दोन दिवसांनी, धीर गोळा करून. निरनिराळ्या समाजांतल्या बायकांचा इतिहास शिकवायचा म्हणजे त्या त्या समाजातली मुलगी पुढ्यात उभी करायची नाही, हा या कामातला पहिला नियम आहे आणि तो मला कुठल्याही उजळणी वर्गात कुणी सांगितला नव्हता. तेव्हापासून ताराबाई शिकवताना मी मराठ्यांच्या मुलींकडे पाहत नाही, हमीद दलवाई शिकवताना तांबोळी गल्लीकडे पाहत नाही. खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहते. ज्याला बोलायचंय तो बोलतो.

गृहपाठाची कल्पना त्यातूनच निघाली. तू कोण, तुझी जात कोणती, हे विचारायचं नाही. वस्तू आणा म्हणायचं. वस्तू बोलते, आणि मुलाला वाटलं तर तो तिच्यामागं उभा राहतो, वाटलं तर नाही.

दरवर्षी काय काय येतं! एका मुलीच्या आजीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, तिनं मोबाईलवर आजीच्या हाताचा फोटो आणला. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण, त्यात भावाचं नाव, देवाचं नाव. स्वतःचं नाही. एका मुलानं जुनं लुगडं आणलं आणि त्याची आजी पूर्वी ते कसं नेसायची हे तिच्याकडून शिकून येऊन बाकावर घडी घालून दाखवलं. गुडघ्याखाली लुगडं न्यायची त्यांच्या वस्तीतल्या बायकांना मुभा नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना सांगितलं होतं की लुगडं इतरांसारखं घोट्यापर्यंत नेसा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे कथलाचे दागिने टाकून द्या. आणि बायकांनी तिथंच नेसण बदललं. मी हे वाचून शिकवत आले होते. त्या मुलानं दोन बोटं गुडघ्यावर ठेवून, मग घोट्यावर ठेवून दाखवलं. वीतभर-दीडवीत अंतर. एवढ्या कापडासाठी वस्तीवर मारहाण झाल्याची आठवण त्याच्या आजीनं सांगितली होती.

त्या वर्षापासून मी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ वर्गात फिरवायला लागले. १९८९ मध्ये आलेलं हे पुस्तक. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना त्या दोघींनी गावोगाव जाऊन शोधलं, त्यांच्याशी बोलल्या, म्हणून ते घडलं. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद झाली, अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, हजारो बायका आल्या होत्या. बायकोला काडीमोडाचा हक्क हवा, एका बायकोवर दुसरी करण्याला कायद्यानं बंदी हवी, असे ठराव तिथं झाले. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. म्हणजे तेरा वर्षं आधी गिरणीत राबणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या बायका हे मागत होत्या. मुलांना मी दोन्ही तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवते आणि काही वेळ गप्प राहते.

मथुरा नावाच्या मुलीची केस शिकवणं सगळ्यात जड जातं. मार्च १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, आज गडचिरोली जिल्ह्यात आहे ते गाव. पोरकी, मोलमजुरी करणारी आदिवासी मुलगी, आणि ठाण्यातच दोन पोलिसांकडून अत्याचार. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ लावून. वर्गात मुलगे असतात, मुली असतात. पहिली काही वर्षं मी हे भरभर उरकायची. आता नाही. आता मी त्या पत्रापाशी थांबते. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. चौघेही कायद्याचे शिक्षक. ठाण्याच्या बंद दाराआड, पोलिसांच्या ताब्यात, गरीब आदिवासी मुलगी ‘नाही’ कशी म्हणणार होती, हा त्यांचा सवाल होता. त्यानंतर मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, बायका शहराशहरांत रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. हे सांगताना मी मुलांना एक गोष्ट विचार करायला देते : शहरातल्या बायकांचं संघटन जिच्यामुळं उभं राहिलं, तिला स्वतःला न्याय मिळाला नाही. एका वर्षी एका मुलानं तास संपल्यावर विचारलं, “त्या बाईला कोण भेटाय गेलं का नंतर?” दुसऱ्या दिवशी तो पहिल्या बाकावर येऊन बसला.

१८ एप्रिल १९६६ चा मोर्चा मात्र मुलींच्या आवडीचा. हमीद दलवाईंच्या पुढाकारानं मुंबईत सात मुस्लिम बायकांनी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध काढलेला. “सातच?” असं कुणीतरी हमखास विचारतं. एका वर्षी मी उत्तर द्यायच्या आतच मागून आवाज आला, “सात जणी घरातनं बाहेर कशा पडल्या आसतील, त्ये बघा की!” तीच मुलगी पुढं निकाहनाम्याची झेरॉक्स घेऊन आली. आजीचं नाव, वडिलांचं नाव, मेहेरची रक्कम, साक्षीदारांच्या सह्या. “माझ्या आज्जीचं नाव लग्नाच्या कागदावर हाय,” ती म्हणाली. वर्गातल्या बाकीच्यांच्या आज्यांच्या लग्नाचा कागदच नव्हता, पत्रिका असली तर असली. मग तिनं सांगितलं, आमच्यात मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा आहे, मुलाच्या निम्मा, पण आहे. तुमच्यात कधीपासून? मी म्हटलं, १९५६. आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं जन्मापासून हक्क महाराष्ट्रात १९९४ ला, देशात २००५ ला. ती थोडी ताठ झाली. पण मला पुढचंही सांगणं भाग होतं. १९३७ चा शरियत कायदा झाला तेव्हा शेतजमीन त्यातून वगळली होती. आणि वाटा कागदावर असला तरी गावात काय होतं, हे तिलाही माहीत होतं. “आत्यांनी सोडलं हक्क,” ती म्हणाली. बाजूच्या बाकावरून दुसरी म्हणाली, “आमच्याबी.” मग तिसरी. निकाह असो की सप्तपदी, धनगर असो की ब्राह्मण, हक्कसोडीपाशी सगळ्यांचे कागद सारखे निघाले.

म्हणून आता या पेपरचा शेवटचा आठवडा मी हक्कसोड पत्राला देते. चळवळींच्या पुस्तकात ते सापडत नाही. घराघरातल्या ट्रंकेत सापडतं. आमच्याच भागात कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना एकत्र आणलं, त्यांच्या स्वतःच्या नावाच्या रेशनकार्डासाठी मोर्चे काढले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. कागदावर बाईचं नाव चढवणं ही किती मोठी लढाई आहे, हे या माणसांना उमगलं होतं. आणि इथं रोज, कुठलाही गाजावाजा न होता, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ते नाव खाली उतरवलं जातं.

एका मुलानं वडिलांच्या बॅगेतून असं एक पत्र आणलं. त्यात त्याच्या दोन आत्यांचे अंगठे. मजकूर नेहमीचाच : आम्हांस काही एक नको, आमच्या लग्नात खर्च झालेला आहे, राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय. गट नंबर बघताना त्याच्या लक्षात आलं की त्यांची विहीर ज्या तुकड्यात आहे तो यातलाच. विहिरीवर द्राक्षबाग उभी, बागेवर त्याची फी. तो दिवाळीत आत्याच्या गावी गेला आणि तिला विचारलं, “अंगठा का दिलास?” आत्या भाकरी थापत होती. परातीतून हात न काढता म्हणाली, “वाटा घिऊन म्हायार तोडू व्हय रं? मग दिवाळीला मी कुणाच्या दारात येऊ?” वर्षाची एक साडी, भाऊबीजेचं ताट आणि अडीनडीला टेकायला एक उंबरा. त्याची किंमत तिनं बरोबर जाणली होती. या बाईला ‘तुला तुझा हक्क कळत नाही’ असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. तिला सगळं कळतं. तिच्यापुढं निवड ठेवणाऱ्यांनी जमीन आणि माहेर एकाच पारड्यात कधी येऊच दिलं नाही. त्या मुलानं हे सगळं आपल्या प्रकल्पात लिहिलं, आत्याचं बोलणं जसंच्या तसं. मी आजवर तपासलेल्या प्रकल्पांत तो पहिल्या पाचांत ठेवेन.

कळशीवाली मुलगी पुढं तलाठ्याची परीक्षा पास झाली. पहिल्या नेमणुकीचं गाव आमच्यापासून लांब, तरी अधूनमधून फोन असतो. हक्कसोड नोंदलं गेलं की फेरफारासाठी तिच्याकडं येतं आणि संबंधितांना नोटीस द्यावी लागते. नोटीस म्हणजे कोतवालानं दारात सही घेऊन परत यायचं, असाच सगळीकडं रिवाज. ती जमेल तिथं स्वतः जाते. गेल्या दिवाळीनंतर तिनं फोनवर सांगितलं, “मॅडम, मी त्यांना सगळं वाचून दाखवते. गट नंबर, क्षेत्र, विहीर, सगळं. तुमचा एवढा वाटा होता आणि तुम्ही तो सोडलाय, असं म्हणते. बहुतेक जणी ऐकून घेतात, चहा पाजतात आणि सही करतात. पण यंदा एक आजी म्हणाली, पुन्यांदा वाच. मी पुन्हा वाचलं. मग ती म्हणाली, माझं नाव त्यात कुठं हाय ते बोट ठेवून दाव. मी दाखवलं. तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि किती वेळ तसंच ठेवलं.”

“मग सही केली?” मी विचारलं.

“आज नको म्हणाली. मंगळवारी ये म्हणाली.”